अंथरूण आणि पाय : एका संघाचे दोन हिवाळे

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपली म्हण सांगते. परंतु अंथरूण आखूड असता पाय कोणत्या रीतीने आखडावेत, हे ती सांगत नाही. आणि संस्थांचे भवितव्य बहुधा याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरत असते. या दृष्टीने अमेरिकेतील 'अ‍ॅथलेटिक्स' या बेसबॉल संघाचा इतिहास बोधप्रद आहे. हा संघ १९०१ मध्ये फिलाडेल्फिया येथे उभा राहिला, १९५५ मध्ये कॅन्सस सिटीस गेला व १९६८ मध्ये ओकलंडला.

बेसबॉलचा हंगाम वसंतात सुरू होऊन शरदात संपतो. हिवाळ्यात मैदाने ओस पडतात आणि खेळ चालतो तो कचेरीत : कोणाला ठेवायचे, कोणाला सोडायचे, कोणाला किती वेतन द्यायचे. या संघाचे दोन हिवाळे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत.

पहिला हिवाळा १९१४ चा. कॉनी मॅक हे संघाचे व्यवस्थापक आणि भागीदारही. मागील पाच वर्षांत त्यांच्या संघाने चार वेळा आपल्या लीगचे अजिंक्यपद व तीन वेळा जागतिक मालिका जिंकली होती. परंतु १९१४ साली 'फेडरल लीग' ही प्रतिस्पर्धी संघटना मैदानात उतरली आणि अधिक वेतनाची लालूच दाखवून खेळाडू फोडू लागली. तोवर करारातील एका कलमाने खेळाडू संघाशी जखडलेला असे; त्यामुळे वेतने आटोक्यात राहत. ती आता भडकली, आणि संघ जिंकत असूनही प्रेक्षक मात्र घटले. त्यातच जागतिक मालिकेत बोस्टनने चारही सामन्यांत पराभव केला. मॅक यांनी प्लँक, बेंडर व कूम्ब्स हे तीन नामांकित गोलंदाज सोडून दिले आणि एडी कॉलिन्स हा श्रेष्ठ फलंदाज ५०,००० डॉलरना शिकागोस विकला. परिणाम भीषण झाला. १९१४ मध्ये ९९ सामने जिंकणारा संघ १९१५ मध्ये केवळ ४३ सामने जिंकू शकला. १९१६ मध्ये विजय ३६ आणि पराजय ११७! सलग सात वर्षे तो लीगमध्ये तळाशी राहिला.

मॅक यांना लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्या पाठीशी दुसऱ्या धंद्याची पुंजी नव्हती. दारावरच्या तिकिटांवर संसार चाले. त्यांनी पुन्हा नवा संघ घडवला व १९२९ आणि १९३० मध्ये जागतिक मालिका जिंकली. परंतु महामंदी येताच तेच औषध पुन्हा घेतले. १९३३ च्या डिसेंबरात ग्रोव्ह बोस्टनला गेला, कॉक्रन डेट्रॉइटला; आणि पुढील दोन्ही वर्षी लीगचे अजिंक्यपद कॉक्रनच्या डेट्रॉइटने पटकावले. फिलाडेल्फियात त्या संघाला पुन्हा अजिंक्यपद लाभले नाही.

दुसरा हिवाळा २००१ चा, ओकलंडचा. आता कायदा उलटला होता : सहा वर्षे सेवा झालेला खेळाडू करार संपताच मोकळा होई. १०२ सामने जिंकलेल्या संघातून जेसन जिआंबी सात वर्षांच्या १२ कोटी डॉलरच्या करारावर न्यूयॉर्कच्या यँकीजकडे गेला. डेमन व इसरिंगहाउझन हेही गेले. ओकलंडचा वेतनखर्च सुमारे ४ कोटी, यँकीजचा सुमारे साडेबारा कोटी. महाव्यवस्थापक बिली बीन यांनी जिआंबीसारखा दुसरा शोधण्याचा नाद सोडला व निराळा प्रश्न विचारला : जिआंबी जे करीत होता, त्यातले स्वस्तात काय मिळेल? फलंदाजाने बाद न होता बेसवर पोचणे हा गुण बाजारात अल्प किमतीला मिळे. कोपराच्या दुखापतीमुळे यष्टिरक्षकासारखी आपली जागा गमावलेला स्कॉट हॅटेबर्ग त्यांनी या गुणासाठी घेतला व त्याला पहिल्या बेसवर उभे केले. गेलेल्या खेळाडूंच्या मोबदल्यात नवोदित खेळाडू निवडण्याचे जादा हक्क मिळाले, तेही वापरले. २००२ मध्ये संघाने १०३ सामने जिंकले, त्यांत सलग वीस. विसावा सामना हॅटेबर्गच्याच फटक्याने जिंकला गेला.

या यशाचे सारे श्रेय आकडेमोडीला देणे मात्र बरोबर नाही. हडसन, मल्डर व झिटो हे तीन तरुण गोलंदाज त्या काळी अल्प वेतनावर संघाशी बांधलेले होते. खरा आधार त्यांचा होता. म्हणजे मॅक यांच्या काळातील बंधन पुरते संपले नव्हते. तरुणांच्या बाबतीत ते उरलेच होते आणि गरीब संघ त्याच्यावरच तगून होता.

तरीही दोन हिवाळ्यांतील भेद उरतोच. मॅक यांनी अडचणीच्या वर्षी बियाणे विकले. ओकलंडने हातचे पीक गेले तरी बियाणे राखले. काटकसरीची परीक्षा किती वाचवले यावर करू नये. काय वाचवले यावर करावी.

आणि तिची मर्यादाही ओळखावी. २००२ मध्ये ओकलंड पहिल्याच फेरीत मिनेसोटाकडून हरले. सप्टेंबर २०२४ मध्ये या संघाने ओकलंडमधला अखेरचा सामना खेळला व गाव सोडले. फिलाडेल्फियाचे प्रेक्षक सात वर्षे तळाचा संघ पाहत होते; ओकलंडचे प्रेक्षक चतुर संघ पाहूनही शेवटी पोरके झाले. मालकाच्या वहीत वेतनाचे सदर असते, तिकिटांचे असते. पिढ्यान्‌पिढ्या त्याच बाकांवर येऊन बसणाऱ्यांच्या निष्ठेचे सदर नसते. ज्या हिशेबात ते नाही, तो कितीही बिनचूक असला तरी अपुराच म्हटला पाहिजे.