ओझोनचा क्षय आणि थेंबांची साक्ष



भाकीत खरे ठरावे, पण भलत्याच ठिकाणी, असे विज्ञानात क्वचित घडते. ओझोनच्या बाबतीत ते घडले. त्या विसंगतीचे उत्तर मला नेहमीच उद्बोधक वाटत आले आहे.

१९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी इशारा दिला, की शीतकपाटांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन स्थितांबरात पोहोचून क्लोरीन मुक्त करतील व ओझोन नष्ट होईल. ही घट मुख्यतः ४० किलोमीटर उंचीच्या आसपास अपेक्षित होती. १९८५ साली फारमन, गार्डिनर व शँकलिन यांनी अंटार्क्टिकावर वसंतात होणारी ओझोनची प्रचंड घट जाहीर केली. ती मात्र बरीच खाली, १२ ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात असल्याचे पुढे दिसले. केवळ वायूंच्या अभिक्रियांनी तिचा उलगडा होईना.

उत्तर थेंबांत होते. १९६०च्या सुमारास युंगे यांनी बलून पाठवून स्थितांबरातील गंधकयुक्त कणांचा थर शोधला होता. सल्फर डायऑक्साइडपासून सल्फ्युरिक आम्लाची वाफ बनते. ती पाण्यासह सूक्ष्म कणांवर साचते, थेंब परस्परांत मिसळून वाढतात, तरी मायक्रॉनच्या अंशाएवढेच राहतात. ध्रुवीय हिवाळ्यात तापमान उणे ७८ अंशांच्या खाली उतरले, की ते नायट्रिक आम्ल व पाणी शोषून फुगतात आणि त्यांचे ढग बनतात. अशा ढगांतील कणांच्या पृष्ठभागावर निष्क्रिय क्लोरीन-संयुगांतून क्लोरीन वायू सुटतो व वसंतातील सूर्यप्रकाश त्याला विध्वंसक बनवतो, हे स्पष्टीकरण सुझन सॉलोमन व सहकाऱ्यांनी १९८६ साली मांडले.

१९९१ साली फिलिपाईन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीने दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला. त्यातून बनलेल्या थेंबांवर नायट्रोजनची ऑक्साइडे नायट्रिक आम्लात अडकली. क्लोरीनला बांधून ठेवणारे घटक कमी झाले आणि ध्रुवांपासून दूरही ओझोन घटला. मी याचा दोष ज्वालामुखीला देणार नाही. माणसाने सोडलेला क्लोरीन तेथे नसता, तर हे थेंब ओझोनच्या असे मुळावर आले नसते.

त्याच थेंबांमुळे पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशाने तात्पुरती थंडही झाली. म्हणून आज काही अभ्यासक तापमानवाढीवर उपाय म्हणून स्थितांबरात गंधक फवारण्याचा विचार मांडत आहेत. १९८७च्या माँट्रियल करारामुळे क्लोरीन कमी होत आहे. पण तो अद्याप संपलेला नाही. एकदा आपण वायू मोजले आणि थेंब विसरलो. आता थेंब आपणच सोडू म्हणतो, तेव्हा तो इतिहास डोळ्यांसमोर असावा, एवढीच माझी विनंती आहे.