रखमाबाई खटला आणि दाव्यातील मागणीची भाषा

कौटुंबिक कायद्याच्या व्यवहारात दाव्याचा मसुदा हा बहुधा औपचारिक भाग समजला जातो. प्रस्तुत लेखात रखमाबाई खटल्याच्या आधारे या समजाचा विचार केला आहे. वयाच्या ११ व्या वर्षी विवाह होऊनही रखमाबाई सासरी नांदावयास गेल्या नव्हत्या. १८८४ मध्ये पती दादाजी भिकाजी यांनी मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांच्या ‘पुनःस्थापने’चा दावा दाखल केला. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी नेमके याच शब्दावर बोट ठेवले. जे सहजीवन सुरूच झाले नाही, त्याची पुनःस्थापना होत नाही आणि इंग्रजी कायद्यातील या उपायास हिंदू कायद्यात आधार नाही, असे सांगून त्यांनी दावा फेटाळला. १८८६ मध्ये अपिलात हा निर्णय फिरला. १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी पतीकडे जावे, अन्यथा ६ महिन्यांचा कारावास भोगावा, असा आदेश दिला. १८८८ मध्ये २,००० रुपयांच्या तडजोडीने वाद मिटला. हाच उपाय पुढे हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ९ मध्ये आला. यावरून असे म्हणता येईल की, मसुद्यात आधी वस्तुस्थिती नोंदवावी व तिच्याशी जुळणारी मागणी नंतर ठरवावी. साच्यातून उचललेल्या शब्दाची किंमत पक्षकाराला मोजावी लागते.