गामिनी, संजीवनी आणि बाजाराचा दिवस

हुतूतूचे जुने प्रकार तीन: अमर, गामिनी आणि संजीवनी. अमरमध्ये गडी बाद झाला तरी मैदानातच राहतो, गुण तेवढे मोजायचे. संजीवनीत आपल्या बाजूने समोरचा गडी मारला की बाहेर बसलेला आपला गडी उठतो. गामिनीत मात्र एकदा बाहेर गेला की गेला. सगळा संघ बाद होईपर्यंत रेषेबाहेर बसून राहायचं. आजची कबड्डी संजीवनीच्या नियमावर उभी आहे. खान्देशात पोरांनी तीच खेळली. पोरींच्या वाट्याला मात्र कितीतरी वर्षं गामिनीच आली. अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत चौतीस वर्षं खेळाची बाई म्हणून मी काढली, म्हणून हे सांगायचा मला थोडाफार हक्क आहे.

आमच्याकडच्या पोरी खेळत नव्हत्या असं कोणी म्हणालं तर मला हसू येतं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, येऊन बघा. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गौराई बसते. बहिणाबाईंच्या कवितेतही आखाजी आहे, ती उगाच नाही. माझ्या लहानपणी गौराई बोळवायला नदीवर गेलो की पलीकडच्या आळीच्या पोरी समोरच्या काठावर उभ्या असायच्या. आधी गाण्यातून उखाळ्यापाखाळ्या, मग वाळूत उतरून ओढाओढ. कोणी कोणाची मांडी धरते, कोणी पाय ओढते, कोणी निसटून आपल्या काठाला पळते. मध्ये रेष तेवढी आखलेली नसायची. हे सगळं वर्षातून एक दिवस चालायचं. दुसऱ्या दिवशी त्याच पोरीने गल्लीत हुतूतूचा दम धरला की आजी म्हणायची, ‘आंडेर शे ती, तिनं मैदानमा काय काम?’ आंडेर म्हणजे लेक. त्या एका शब्दात सगळी नियमावली आली.

खरी नियमावली तिकडे पुण्या-बडोद्याकडे तयार होत होती. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने हुतूतूच्या स्पर्धा भरवल्या. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ परदेशी लोकांना दाखवले. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कबड्डीची अखिल भारतीय संघटना झाली. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२ साली मद्रासला भरली आणि महिलांची १९५५ साली कलकत्त्याला. म्हणजे माझ्या जन्माआधी चार वर्षं या देशात बायका राष्ट्रीय पातळीवर कबड्डी खेळल्या होत्या. आमच्या गावात ती बातमी पोचली नव्हती. कापसाचा भाव मात्र रोज पोचायचा.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या निमित्ताने सरकारने महिलांचा राष्ट्रीय क्रीडा महोत्सव सुरू केला. मी तेव्हा सोळा वर्षांची. शाळेत कोणाच्या तरी डोक्यात आलं आणि आमचा संघ तयार झाला. आम्ही सात जणी सलवार-कमीज घालून खेळलो, ओढणी छातीवर आडवी घेऊन कमरेला करकचून बांधलेली. पहिल्याच चढाईत मी निदानरेषा ओलांडली आणि डाव्या कोपऱ्यातल्या मुलीने माझा घोटा धरायला हात टाकला. घोटा सुटला, पण सलवारीची मोहरी तिच्या मुठीत राहिली. दोन्ही हातांनी नाडी धरून मी मध्यरेषेकडे ओढत होते, आणि दम टिकवायचा की अब्रू, हे एका श्वासात ठरवायचं होतं. दम सुटला. गावाकडून आलेले लोक हसले. त्यानंतरच्या चढाईला आमच्यातल्या एकीनेही पाय लांब टाकला नाही. अर्ध्या तासाच्या खेळात आम्ही हरलो आणि संपलो. पुढच्या वर्षी त्या सातपैकी चौघींची लग्नं झाली होती.

हे ‘हरलो आणि संपलो’ नीट समजून घ्यायला हवं. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. आठ संघ आले तर सामने होतात सातच, आणि पहिल्या फेरीनंतर चार संघ एसटी स्टँडवर असतात. महिलांचा सामना पंधरा मिनिटांच्या दोन डावांचा, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. म्हणजे आठपैकी चार गावांच्या पोरींचा वर्षभराचा खेळ पस्तीस मिनिटांत आटोपतो. पोरांना त्याचं काही वाटत नाही, कारण त्यांना गावात रोज संध्याकाळी मैदान असतं, गणपतीत आणि जत्रेत स्पर्धा असतात. पोरीला ती पस्तीस मिनिटंच असतात.

१९८३ साली मी नोकरीला लागले. पहिल्या वर्षी कबड्डीसाठी नावं मागितली तेव्हा पाच आली. सहावी मिळाली तर सातवी मिळायची नाही. पुढे आकडा वाढला, त्याचं श्रेय मी माझ्या शिट्टीला देत नाही. १९८५ पासून महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंतचं शिक्षण मोफत झालं, त्यामुळे सातवीनंतर गळणाऱ्या मुली वर्गात राहिल्या. १९९६ च्या सुमारास अहिल्याबाई होळकर योजनेत खेड्यातल्या मुलींना शाळेपर्यंत एसटीचा मोफत पास मिळाला. त्याआधी पाच-सहा किलोमीटर पायी जाणारी मुलगी शाळा सुटताच निघायची, कारण अंधारात शेतातली वाट नको. पास आल्यावर ती साडेसहाच्या गाडीपर्यंत थांबू लागली. मला रोज सव्वा तास मिळाला. खान्देशातल्या मुलींच्या कबड्डीचा इतिहास कोणाला लिहायचा असेल तर त्याने ढाली आणि चषक मोजण्याआधी आगाराचं वेळापत्रक बघावं.

सव्वा तासाचा सराव झाला, पण खेळायचं कोणाशी? १९९७ च्या थंडीत आसपासच्या सात गावच्या शिक्षकांना मी गाठलं आणि म्हटलं, साखळी खेळू. आठ गावं, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, सामने अठ्ठावीस. हरलात तरी पुढच्या आठवड्याला यायचंच. एका गुरुजींनी विचारलं, ‘हरलेल्यांना परत कशाला बोलवायचं बाई?’ मी म्हटलं, ‘संजीवनी आहे, गामिनी नाही.’ जुने खेळाडू होते, लगेच समजले.

दिवस ठरवताना खरी परीक्षा झाली. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापसाची वेचणी चालते, तेव्हा पोरगी शाळेतही येत नाही, मैदानावर कुठून येणार? मार्चला बोर्डाची परीक्षा. त्यानंतर लगनसराई आणि पंचेचाळीसला टेकलेलं ऊन. मधे उरतात सात आठवडे. शेतमजुराची सुट्टी असते बाजाराच्या दिवशी. आमच्या मोठ्या गावचा बाजार सुदैवाने रविवारचा. त्या दिवशी शाळा बंद, शेतं बंद, आणि मुख्य म्हणजे गाड्या चालू. शाळेचा पास रविवारी चालत नाही, पण बाजाराला येणाऱ्या काळीपिवळ्या, मालवाहू रिक्षा, ट्रॅक्टर सगळ्या वाटांवर धावत असतात. पोरीचे आप्पा किंवा जिभाऊ बाजाराला येतात आणि संध्याकाळी घरी जातातच. येताना पोरीला आणा, जाताना न्या. वेगळी परवानगी कोणी मागितली नाही, म्हणून कोणी नाकारलीही नाही.

मैदान आम्ही स्वतः केलं. आमची जमीन काळी. थंडीत तिला पायाचा अंगठा जाईल एवढ्या भेगा पडतात. बोरी नदीच्या काठची गाळाची माती दोन ट्रॅक्टर आणली, घरच्या चाळण्यांनी मुलींनी ती चाळली, खडे वेचले, आदल्या रात्री पाणी शिंपलं. सकाळी दोरी आणि टेप घेऊन फक्की मारली. महिलांचं मैदान बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद. पुरुषांचं तेरा बाय दहा. दोरी धरलेली एक मुलगी म्हणाली, ‘बाई, आपल्याला चौतीस चौरस मीटर कमी का?’ गणितात ती काठावर पास होणारी होती. मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही.

कबड्डीत दोन पंच असतात आणि त्यांच्यावर सरपंच. पहिल्या रविवारी गावचे सरपंचही उद्घाटनाला आलेले. चढाईवाली बाद की नाबाद यावर वाद झाला तेव्हा मी ओरडले, ‘सरपंच, निर्णय द्या!’ आणि दोघंही उठून उभे राहिले. त्या हशाने आमचं काम सोपं केलं. १९७५ साली लोक एका मुलीला हसले होते. या वेळी मुलीही त्या हसण्यात होत्या.

कपड्यांचा वाद मी वाढवला नाही. पायघोळ सलवार बंद, चड्डीचा हट्टही बंद; घोट्याशी घट्ट बसणारी ट्रॅक पँट आणि खोचलेला टी-शर्ट. जेवण ज्याच्या त्याच्या घरचं: कळण्याची भाकरी, ठेचा, आणि एका गावच्या बायकांनी हौसेने केलेलं वांग्याचं भरीत. बक्षीस म्हणून स्टीलचे डबे. दुसऱ्या वर्षी एका संस्थेने मैदान ऐन वेळी क्रिकेटच्या स्पर्धेला दिलं आणि आम्हाला खळ्यात खेळावं लागलं. भांडले, उपयोग झाला नाही. खळं शेणाने सारवलेलं, घट्ट. गुडघे फुटले, पण एकही सामना रद्द केला नाही. पहिल्या वर्षी सर्वांत तळाला असलेल्या गावाने तिसऱ्या वर्षी चार सामने जिंकले. बाद पद्धतीत तो संघ पहिल्याच वर्षी मिटला असता.

माझा भाचा ऑस्ट्रेलियात मेलबर्नला आहे. तिथे लंबगोल चेंडूने खेळतात तो त्यांचा स्वतःचा फुटबॉल. पुरुषांची मोठी लीग १८९७ साली आठ क्लबांनी सुरू झाली. खेड्यापाड्यातल्या क्लबांमध्ये मुलं फुटबॉल खेळायची आणि मुली शेजारच्या कोर्टावर नेटबॉल. महिलांची राष्ट्रीय लीग सुरू व्हायला ३ फेब्रुवारी २०१७ उजाडावं लागलं. पहिल्या सामन्याला इतकी गर्दी झाली की दारं लावून घ्यावी लागली. आत साडेचोवीस हजार माणसं होती. भाच्याने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, संघ किती? आठ. प्रत्येकाचे सामने? सात. मी मनातल्या मनात म्हटलं, अरे, ही तर आमचीच साखळी. मग कळलं की पुरुषांचे अठरा गडी मैदानात असतात तिथे बायकांचे सोळाच. तिकडेही कोणीतरी टेप आखूड धरलेली आहे.

आपल्याकडे २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत महिला कबड्डी आली आणि भारताला सुवर्ण मिळालं. २०१२ साली पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक भारताने इराणला हरवून जिंकला. त्या संघातल्या सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे या तिघी महाराष्ट्राच्या. राज्य सरकारने त्यांना प्रत्येकी एक कोटी रुपये दिले. त्या आठवड्यात माझ्याकडे सरावाला बावीस मुली होत्या. २०१६ साली प्रो कबड्डीसोबत महिलांचे तीन संघ खेळले. अंतिम सामना २४-२३ असा एका गुणाने सुटला. पुढच्या वर्षी ती स्पर्धा झालीच नाही. संघ चांगले, सामना अटीतटीचा, आणि तरी एका हंगामानंतर सगळ्याजणी रेषेबाहेर. याला मी गामिनी म्हणते.

आमची साखळी अकरा वर्षं चालली. मग दोन शाळांतले शिक्षक निवृत्त झाले, एका गावची मुलींची तुकडी बंद झाली, आणि सात जणांच्या जिवावर उभं असलेलं काम सात जणांबरोबर उतरणीला लागलं. आमची चूक एवढीच की आम्ही गडी तयार केले, पंच तयार केले नाहीत. तरीही हिशेब तोट्याचा नाही. २००५ पासून सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आलं आणि काही मुलींनी प्रमाणपत्रांच्या फायली जपून ठेवल्या. आज त्यांतल्या तिघी पोलिसात आहेत. एकीला चोपड्याच्या रस्त्यावर नाकाबंदीला पाहिलं. ट्रकवाल्यापुढे ती उभी होती ती अगदी उजव्या कोपऱ्यात उभी राहायची तशी, पाय फाकवून, हात गुडघ्यांच्या पुढे.

गेल्या आखाजीला माझ्या जुन्या मुलींनी निरोप धाडला. माहेरी आलेल्या सगळ्याजणी, कोणी पस्तिशीच्या, कोणी चाळिशीला पोचलेल्या. ऊन उतरल्यावर शाळेच्या मैदानावर जमल्या. निंबाच्या झोक्यावर त्यांची पोरं, पदर खोचून या मैदानात. मी फक्की घेऊन उभी. टेप हातात आली तेव्हा एकीने ती माझ्याकडून घेतली आणि तेरा बाय दहा मोजलं. मी काही बोलले नाही.

गुणलेखक म्हणून नववीतली एक मुलगी बसवली होती. तिने वही उघडली आणि पहिल्या चढाईवालीला विचारलं, ‘आत्या, नाव कोणतं लिहू? माहेरचं का सासरचं?’

तिने दम घ्यायला छाती भरलेलीच होती. मध्यरेषेवर पाय टेकवत म्हणाली, ‘जुन्या वहीत आहे ते.’