दवंडी आणि गाणे : मतदानाच्या संगीताची ओळख

कार्यक्रमाआधी डप्पू वाजवणारे कलावंत थोडा पालापाचोळा, रद्दी कागद पेटवतात आणि त्या धगीवर वाद्याचे चामडे धरतात. चामडे ताणले जाते, टिचकी मारून आवाज पारखला जातो, मन भरले नाही तर पुन्हा धग दिली जाते. मग एका हातात जाड काठी, दुसऱ्यात बारीक. आपल्या हलगीचा हा तेलंगणी भाऊबंद. याच वाद्यावर गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या दवंडी पिटली गेली आणि ते काम जातीने लादलेले होते. पुढे याच वाद्यावर तेलंगणातल्या चळवळींची गाणी उभी राहिली. दवंडी ऐकवली जाते, गाणे उचलले जाते. मतदानात लोकांचा शांततापूर्ण सहभाग वाढवण्यासाठी संगीत कसे वापरले जाते याचा अभ्यास करू पाहणाऱ्यांनी सुरुवात याच फरकापासून करावी, असे मला मनापासून वाटते.

हैदराबाद हे त्यासाठी उत्तम शहर आहे, कारण इथे प्रश्न डोळ्यांसमोर उभा आहे. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत हैदराबाद मतदारसंघात 48.48 टक्के मतदान झाले, तर जवळच्याच भुवनगिरीत 76.78 टक्के. एवढ्या तफावतीला केवळ शहरी अनास्था म्हणून चालणार नाही. मतदार यादीतली दुबार नावे, सतत बदलणारे भाड्याचे पत्ते, गावाकडे ठेवलेले नाव, अशी कारणेही त्यात असतात आणि ती कोणत्याही गाण्याने दूर होत नाहीत. गाण्याची मर्यादा आधीच ओळखली, म्हणजे त्याची ताकद नीट मोजता येते.

ती ताकद किती, हे तेलंगणाचे लोकगायक गदर यांच्या आयुष्यात दिसते. खांद्यावर घोंगडी, पायात घुंगरू, हातात काठी घेऊन जननाट्य मंडळीचा हा शाहीर अनेक दशके गात राहिला. निवडणुकीवर बहिष्कार घालणाऱ्या राजकारणाचा तो आवाज होता. 1997 मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यातून ते वाचले. आणि 7 डिसेंबर 2018 रोजी, वयाच्या सत्तरीत, हैदराबादच्या अलवाल भागात त्यांनी आयुष्यातले पहिले मत दिले. 2023 मध्ये ते गेले. एकाच गळ्याने माणसांना मतपेटीपासून दूर ठेवले आणि शेवटी तो स्वतः तिच्यापर्यंत चालत आला. सूर कोणत्याही बाजूला नेऊ शकतो, म्हणूनच ‘शांततापूर्ण सहभाग’ हे शब्द या अभ्यासात शोभेसाठी येत नाहीत.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 126 व्या कलमानुसार मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत लोकांना आकर्षित करण्यासाठी संगीताचा जलसा किंवा नाट्यप्रयोग ठेवून निवडणूक प्रचार करता येत नाही. दुसरीकडे, निवडणूक आयोग स्वतः गाण्याचा आधार घेतो. ‘स्वीप’ या मतदार शिक्षण कार्यक्रमाची सुरुवात 2009 ची. 2011 पासून 25 जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून पाळला जातो आणि 2023 मध्ये त्याच दिवशी आयोगाने सुभाष घई फाउंडेशनच्या साथीने ‘मैं भारत हूँ’ हे गीत प्रसिद्ध केले.

इथे अभ्यासकापुढे पहिला मोठा प्रश्न येतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर गायले, तेव्हा श्रोत्यांसमोर स्पष्ट मागणी होती आणि स्पष्ट विरोधक होता. 1957 च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने मिळवलेल्या यशामागे त्या डफांचाही आवाज होता. आयोगाच्या गाण्याला विरोधक नसतो, पक्ष नसतो, मागणी एकच, ‘मत द्या’. अशा गाण्यात जीव कुठून यावा? तो आला नाही, तर गाण्याची पुन्हा दवंडीच होते.

एक उत्तर सेनेगलमध्ये सापडते. तिथल्या ‘यां ना मार’ या चळवळीत रॅप गायकांनी 2011 मध्ये तरुणांना मतदार नोंदणीसाठी हाक दिली. मतदार कार्ड हेच आपले शस्त्र, हा त्या मोहिमेचा भाव होता. राग खराच होता, पण त्याला जायला नोंदणीची रांग दिली गेली.

दुसरे उत्तर हैदराबादच्या रस्त्यावर आहे. निजामाच्या पदरी आलेल्या सिद्दी आणि अरब सैनिकांबरोबर मर्फा हे तालवाद्यांचे संगीत इथे रुजले. त्यातूनच घडलेला ‘तीनमार’ हा ठेका निकाहच्या वरातीत वाजतो, बोनालूच्या सणात वाजतो, गणेश विसर्जनात वाजतो आणि निकालानंतर गुलाल उधळतानाही वाजतो. ज्या ठेक्यावर जुन्या शहराचे आणि नव्या शहराचे पाय सारखेच पडतात, तो कोणा एकाचा राहत नाही. शांततेचे गाणे म्हणजे मिळमिळीत गाणे नव्हे. समोरच्या पक्षाच्या माणसालाही ज्यावर ठेका धरता येतो, ते शांततेचे गाणे.

या अभ्यासात संगीतशास्त्र, राज्यशास्त्र, लोककला आणि जातीचा इतिहास एकत्र येतात. त्यातली एकच वाट माहीत असलेल्यानेही निःसंकोच यावे. तेलुगू येत नसेल, दखनी कळत नसेल, तरी सुरुवात करता येते. मतदार जागृतीच्या एखाद्या कार्यक्रमाला जा आणि मंचाकडे नव्हे, गर्दीकडे तोंड करून उभे राहा. ध्रुपद दुसऱ्यांदा आले तेव्हा कोणाचे ओठ हलले? टाळी कुठून सुरू झाली? कडेला उभ्या बायका पुढे आल्या की तिथेच राहिल्या? गाणे कोणी गायले हे कार्यक्रमपत्रिकेत छापलेले असते. झील कोणी धरली हे मात्र तिथे हजर असलेल्यालाच टिपावे लागते आणि तशा वह्या अजून फार थोड्या भरल्या आहेत.