सिनेमालाही पाठभेद असतात



समजा, पेडगावच्या पारावर एक आजोबा आणि त्यांचा नातू बोलत बसले आहेत. विषय निघतो 'मुघल-ए-आझम'चा. आजोबा म्हणतात, "तो सिनेमा काळा-पांढरा होता रे. रंग फक्त शीशमहालातल्या नाचाला आणि शेवटी-शेवटी." नातू म्हणतो, "नाही आजोबा, मी तर सगळा रंगीत पाहिला." मग आजोबा एखाद्या प्रसंगाची आठवण काढतात, तर तो नातवानं पाहिलेलाच नसतो. आता यात खोटं कोण बोलतं? कुणीच नाही. १९६० साली लागलेला हा चित्रपट सुमारे १९७ मिनिटांचा होता. २००४ साली तो संपूर्ण रंगीत करून पुन्हा लावला, तेव्हा तो सुमारे १७७ मिनिटांचा झाला. वीस मिनिटं गेली, रंग आला, आणि आवाजही नव्या यंत्रांना शोभेल असा नव्यानं बांधला गेला. नाव एकच, पण प्रती दोन.

पोथ्यांच्या बाबतीत ही गोष्ट आपल्याला नवी नाही. ज्ञानेश्वरीच्या नकला होता होता त्यात चुका शिरल्या, भर पडली. पैठणच्या संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, ती शुद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. बाराशेंहून अधिक हस्तलिखितं पडताळली गेली आणि १९६६ साली ते काम पुरं झालं. त्याच पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं. २०२२ सालापासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या अखत्यारीत आहे. तिथले जाणकार पोथ्यांऐवजी रिळं पडताळतात, एवढाच काय तो फरक.

सिनेमात हे पाठभेद शिरतात तरी कसे? जुना चित्रपट म्हणजे लांबच लांब फीत. एका फुटात सोळा चित्रं, आणि एका रिळात साधारण हजार फूट. एकेका चित्रपटाच्या अनेक प्रती निघत आणि गावोगाव फिरत. वाटेत फीत तुटली की ऑपरेटर फाटका तुकडा कापून टाकी आणि पुढचं मागचं चिकटवून खेळ चालू करी. कुठं सेन्सॉरची कात्री लागे, तर कुठं दिवसाकाठी एक खेळ जास्त बसावा म्हणून मालकच प्रसंग गाळी. शिवाय १९५० च्या सुमारापर्यंत वापरात असलेली नायट्रेटची फीत भलतीच ज्वालाग्राही. ती जपली नाही तर आपोआप सडतेही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात अशा फितींच्या साठ्याला आग लागली आणि सहाशेंवर चित्रपटांची रिळं गेली. ज्याची एकच प्रत उरली होती, त्याचा पाठ कायमचा संपला.

आता आपल्या पहिल्या चित्रपटाकडे वळू. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. त्याची लांबी ३,७०० फूट, रिळं चार. पुढं १९१७ साली फाळक्यांनी हीच कथा पुन्हा चित्रित केली. संग्रहालयात आज या नावाची दोनच रिळं आहेत, पहिलं आणि शेवटचं, मिळून १,४७५ फूट. वर्षानुवर्षं ती १९१३ चीच म्हणून दाखवली गेली. पण काही चित्रपट-इतिहासकारांचं म्हणणं असं, की ती १९१७ च्या चित्रपटाची आहेत. हे म्हणणं खरं धरलं, तर भारताच्या ज्या पहिल्या चित्रपटाचा आपण अभिमान बाळगतो, त्यातला फूटभर तुकडाही आपल्या हाती नाही. गोष्ट साधी नाही. शाळेत ही दृश्यं दाखवताना आपण मुलांना काय सांगतो, याचा त्यामुळं विचार करावा लागतो.

लांबीचा घोळ आणखी वेगळाच. 'राजा हरिश्चंद्र' चाळीस मिनिटांचा होता, असं सर्रास लिहिलेलं आढळतं. गुरुजींनी हा हिशेब फळ्यावर मांडून पाहावा. बोलपट सेकंदाला चोवीस चित्रांच्या वेगानं चालतो, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. त्या हिशेबानं ३,७०० फुटांना एक्केचाळीस मिनिटं लागतात. पण मूकपटाच्या काळी यंत्र हातानं फिरवत, आणि वेग बहुधा सेकंदाला सोळा चित्रांच्या आसपास असे. म्हणजे मिनिटाला साठ फूट. त्या वेगानं तोच चित्रपट तासाभराहून थोडा जास्त चालतो. जुन्या चित्रपटांतली माणसं तुरुतुरु पळताना दिसतात आणि आपण हसतो. दोष त्या माणसांचा नाही, आपण फीत घाईनं पळवतो.

आणि संगीत? मूकपटाच्या फितीवर आवाज नव्हताच. पडद्याशेजारी वाजवणारे बसत आणि प्रसंग पाहून पेटी-तबला वाजवत. वाजवणारे बदलले की संगीत बदललं. म्हणून आज मोबाइलवर फाळक्यांचा चित्रपट पाहताना जे सूर कानी येतात, ते पुष्कळ वर्षांनंतर कुणीतरी जोडलेले असतात. जोडायला हरकत नाही, पण ते फाळक्यांचं संगीत असं मात्र म्हणू नये.

बोलपट आला तरी पाठभेद संपले नाहीत. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीनं १९३२ साली हरिश्चंद्राचीच कथा 'अयोध्येचा राजा' म्हणून काढली. दिग्दर्शक व्ही. शांताराम, राजा गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गा खोटे. हा चित्रपट मराठीत आणि हिंदीत असा दोनदा घडवला. म्हणजे एका चित्रपटावर दुसऱ्या भाषेचा आवाज चढवला, असं झालं नाही. तीच नटमंडळी दोन भाषांत बोलली आणि गायली. तेव्हा मराठी प्रत पाहून हिंदीबद्दल बोलणं, किंवा हिंदी पाहून मराठीबद्दल, धोक्याचं आहे.

एक परदेशी उदाहरण सांगतो, कारण त्यातून वाट सापडते. जर्मनीतला 'मेट्रोपोलिस' हा मूकपट १९२७ साली लागला आणि लगेच ठिकठिकाणी कापला गेला. १९८४ साली जॉर्जिओ मोरोडर यांनी त्याची एक आखूड प्रत काढून तिला त्या काळची नवी गाणी जोडली. अनेक तरुणांना तोच खरा 'मेट्रोपोलिस' वाटला. मग २००८ साली अर्जेंटिनात, ब्यूनोस आयर्सच्या एका संग्रहालयात, जवळजवळ पुरी प्रत सापडली. २०१० साली सुमारे पंचवीस मिनिटांची हरवलेली दृश्यं परत बसवली गेली. ती कुठं बसवायची, हे कळायला मूळ संगीतकार गॉटफ्रीड हुपर्ट्स यांच्या संगीताच्या वह्यांचा मोठा आधार झाला. कारण कोणत्या दृश्याला कोणते सूर, याच्या खुणा त्यात लिहिलेल्या होत्या. म्हणजे सुरांनी चित्रांची वाट दाखवली. परत आणलेला भाग झिजलेला, रेघोट्यांनी भरलेला आहे. तो तसाच ठेवला, म्हणून जुनं कोणतं आणि सापडलेलं कोणतं ते पाहणाऱ्याला कळतं.

आपल्या जिल्ह्यात चारठाणा, धारासूर इथं जुनी दगडी देवळं आहेत. अशा देवळावर कुणी तेलरंग फासला, तर ते चकचकीत दिसेल, पण टाकीच्या खुणा बुजतील. चित्रपटाच्या जीर्णोद्धाराचंही तसंच आहे. रंग द्यावा, नवं संगीत द्यावं, पण मूळ प्रत वेगळी जपावी आणि काय बदललं ते लिहून ठेवावं.

म्हणून शिक्षकमित्रांनो, वर्गात जुना चित्रपट दाखवाल तेव्हा तीन गोष्टी मुलांना विचारायला लावा. ही प्रत कोणत्या सालची? मूळ लांबी किती होती, आणि यात किती आहे? हा आवाज मूळचा, की मागाहून घातलेला? उत्तर मिळालं नाही तरी प्रश्न विचारण्याची सवय लागेल.

गावकरी मंडळींनाही एक विनंती. पूर्वी सिनेमाबरोबर गाण्यांच्या चोपड्या विकत मिळत. १९३१ चा 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. असे चित्रपट हरवले, की मागं राहतो तो अशाच कागदांचा आधार. तुमच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत अशी चोपडी, जाहिरातीचा कागद किंवा फितीचा डबा निघाला, तर रद्दीत घालू नका. फीत असेल तर उन्हापासून, दिव्यापासून, चुलीपासून दूर ठेवा, ती उलगडून पाहू नका, आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. हरवलेली दृश्यं अर्जेंटिनात सापडली, तशी ती परभणी जिल्ह्यातही सापडू शकतील.