रुग्णालयात पोहोचलेली विपश्यना: कंपवात आणि सजगतेचा इतिहास

कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्सचा आजार, जडलेल्यांना सजगतेची साधना शिकवण्याची प्रथा जेमतेम दीड दशकाची आहे. परंतु तिच्यात मिळालेल्या दोन प्रवाहांपैकी एक युरोपीय चेताविज्ञानाचा आणि दुसरा ब्रह्मदेशातील विपश्यनेचा असून, दोहोंची वाटचाल बरीच जुनी आहे.

लंडनच्या हॉक्स्टन भागात वैद्यकी करणारे जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या आजारावर लिहिलेला निबंध अवघ्या सहा व्यक्तींच्या निरीक्षणावर आधारलेला होता आणि त्यांतील काही तर त्यांनी रस्त्यातच पाहिलेल्या होत्या. आजार बळावला की चालण्याकडेही बरेच लक्ष पुरवावे लागते, अशी नोंद त्यांनी केली, आणि तिचे कारण विसाव्या शतकात उलगडले: डोपामिन हे संदेशवाहक रसायन बनवणाऱ्या मेंदूतील पेशी नष्ट होत गेल्या की सवयीच्या हालचाली आपसूक चालू ठेवणारी यंत्रणा ढासळते, आणि एरवी नकळत पडणारे पाऊल जाणीवपूर्वक टाकावे लागते. आजाराला पार्किन्सन यांचे नाव देणारे पॅरिसचे झाँ-मार्तँ शार्को यांना रुग्णांकडून कळले होते, की आगगाडीच्या किंवा घोडागाडीच्या लांब प्रवासात त्यांना बरे वाटते. म्हणून त्यांनी हादरे देणारी खुर्ची बनवून घेतली आणि 1892 मध्ये तिच्यावर व्याख्यान दिले. अमेरिकेतील संशोधकांनी 2012 मध्ये हा प्रयोग नव्याने केला, तेव्हा हादरे मिळालेल्यांना आणि हादऱ्यांविना नुसते बसलेल्यांना जवळपास सारखाच उतार पडल्याचे आढळले. कंपवातात विश्रांती आणि आशा यांचाच गुण इतका येतो, की तुलनेसाठी दुसरा गट न ठेवता केलेल्या कोणत्याही दाव्याला फारसे वजन देता येत नाही.

दुसऱ्या प्रवाहाचा आरंभ तर नकाराने झाला. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल असलेले सयाजी ऊ बा खिन रंगूनमध्ये विपश्यना, म्हणजे शरीरावरील संवेदनांचे तटस्थ निरीक्षण, शिकवत असत. अर्धशिशीच्या वेदनांपायी मॉर्फिन घेण्याची वेळ आलेले उद्योजक सत्यनारायण गोएंका 1955 च्या सुमारास त्यांच्याकडे गेले, तेव्हा शारीरिक दुखण्यावरील इलाज म्हणून धर्माकडे पाहणे हे त्याचे अवमूल्यन आहे, असे सांगून बा खिन यांनी त्यांना प्रथम परत पाठवले. तेच गोएंका 1969 मध्ये भारतात आले. 1976 पासून इगतपुरीचे धम्मगिरी हे त्यांच्या कार्याचे मुख्य केंद्र झाले.

गोएंकांच्या बोधगयेतील शिबिरांत बसलेल्या काही तरुण अमेरिकनांनी मायदेशी परतल्यावर मॅसॅच्युसेट्समधील बॅरी येथे ध्यानकेंद्र काढले. जॉन कबाट-झिन या जीवशास्त्रज्ञांना तेथील एका शिबिरात सुचलेली कल्पना 1979 मध्येच वूस्टरच्या विद्यापीठ रुग्णालयात सजगतेचा वर्ग म्हणून साकार झाली, आणि औषधांनी न हटणाऱ्या वेदनांचे रुग्ण डॉक्टर तिकडे पाठवू लागले. धार्मिक परिभाषा कबाट-झिन यांनी वगळली. बा खिन परंपरेतील शरीरनिरीक्षण मात्र ठेवले, पण वेदनाग्रस्तांना निश्चल बसवत नाही हे ओळखून ते उताणे झोपून करायला लावले. हा बदल किरकोळ वाटला तरी निर्णायक होता, कारण तासभर न हलता बसण्याचा नियम कायम राहिला असता, तर ज्याचा हात विसाव्यातच थरथरतो अशा माणसासाठी ही साधना कायमची दूर राहिली असती.

कंपवाताच्या रुग्णांवरील अभ्यास त्यानंतर तीन दशकांनी सुरू झाले. ब्रिटनमधील 2010 च्या अभ्यासाने रुग्णांचे अनुभव नोंदवले. बेल्जियममध्ये 2013 साली 27 जणांच्या मेंदूच्या प्रतिमांत काही भागांची घनता वाढलेली दिसली, ज्याचा गाजावाजा पुराव्याच्या मानाने अधिक झाला. भरीव काम हाँगकाँगचे आहे. तेथे 138 रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना सजगतेसह योग आणि उरलेल्यांना स्नायू ताणण्याचे व बलवर्धनाचे व्यायाम देण्यात आले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हालचालींतील सुधारणा दोन्ही गटांत सारखीच होती, पण चिंता आणि नैराश्य योगगटात अधिक कमी झाले. मनावरील हा परिणाम दुय्यम मानणे चूक ठरेल, कारण ताणाने कंप वाढतो आणि म्हणूनच तपासणीत डॉक्टर रुग्णाला उलटे आकडे मोजायला लावून दबलेला कंप उघड करतात.

या साधनेने पेशींचा ऱ्हास थांबतो, असे मात्र कोणत्याही चाचणीने सिद्ध केलेले नाही, आणि कंपवातावरील लेव्होडोपाची गोळी तिच्या भरवशावर कमी करणे धोक्याचे आहे.