पॅकेज ३० लाखांचं, मग खात्यात महिन्याला १.६५ लाखच का?

'३० लाखांचं पॅकेज' असं ऐकलं की बहुतेकांच्या मनात लगेच भागाकार होतो: ३० लाख भागिले १२, म्हणजे महिन्याला अडीच लाख. लग्नाच्या बायोडेटात, नातेवाइकांच्या गप्पांत आणि सोशल मीडियावर हाच हिशेब फिरत असतो. पगाराच्या दिवशी खात्यात जमा होणारी रक्कम मात्र बरीच कमी असते. मधले पैसे जातात कुठे?

सीटीसी म्हणजे पगार नव्हे

ऑफर लेटरवरचा मोठा आकडा असतो 'कॉस्ट टू कंपनी' म्हणजेच सीटीसीचा. कंपनी एका कर्मचाऱ्यावर वर्षभरात जो एकूण खर्च करते, तो हा आकडा. त्यातली प्रत्येक रक्कम हातात पडतेच असं नाही.

उदाहरण म्हणून पुण्यात नोकरी करणाऱ्या एका कर्मचाऱ्याचा सीटीसी ३० लाख आणि त्यातलं मूळ वेतन १५ लाख धरलं, तर साधारण अशी विभागणी होऊ शकते:

- कंपनीचा पीएफमधला वाटा (मूळ वेतनाच्या १२ टक्के): १,८०,००० रुपये
- ग्रॅच्युइटीसाठीची तरतूद (४.८१ टक्के): ७२,१५० रुपये
- गट आरोग्य विम्याचा हप्ता: २२,८५० रुपये
- कामगिरीवर अवलंबून असलेला बोनस: २,५०,००० रुपये

हे ५,२५,००० रुपये वजा केल्यावर ठरावीक पगार उरतो २४,७५,००० रुपये, म्हणजे महिन्याला २,०६,२५० रुपये. करकपात अजून सुरूही झालेली नसते.

कर किती लागतो?

इथे एक गैरसमज हमखास आढळतो: '३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये गेलं की सगळ्या पगारावर ३० टक्के कर.' तसं नसतं. प्रत्येक टप्प्यातल्या रकमेवर त्या टप्प्याचाच दर लागतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीतले दर असे आहेत:

- ४ लाखांपर्यंत: शून्य
- ४ ते ८ लाख: ५ टक्के
- ८ ते १२ लाख: १० टक्के
- १२ ते १६ लाख: १५ टक्के
- १६ ते २० लाख: २० टक्के
- २० ते २४ लाख: २५ टक्के
- २४ लाखांच्या वर: ३० टक्के

२४,७५,००० मधून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेली की करपात्र उत्पन्न होतं २४ लाख. त्यावरचा कर ३ लाख आणि ४ टक्के उपकर १२ हजार, असे एकूण ३,१२,००० रुपये. म्हणजे दरमहा २६,००० रुपयांचा टीडीएस.

'१२ लाखांपर्यंत कर नाही' ही सवलत इथे का मिळत नाही? कारण करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तरच ती सूट लागू होते. उत्पन्न त्याच्या बरंच वर गेलं, की ४ लाखांपासूनचे सगळे टप्पे मोजले जातात.

महिन्याचा अंतिम हिशेब

- ठरावीक पगार: २,०६,२५० रुपये
- कर्मचाऱ्याचा पीएफ: वजा १५,००० रुपये
- आयकर: वजा २६,००० रुपये
- महाराष्ट्राचा व्यवसाय कर: वजा २०० रुपये (फेब्रुवारीत ३००)
- हातात: १,६५,०५० रुपये

अडीच लाखांचे १.६५ लाख झाले. पण उरलेले सगळे पैसे 'गेले' असं म्हणणं बरोबर नाही. कर जातो, पीएफचे दोन्ही वाटे मिळून वर्षाला ३.६० लाख मात्र कर्मचाऱ्याच्याच नावावर साठतात. ग्रॅच्युइटीसाठी कायम कर्मचाऱ्याला साधारणपणे ५ वर्षांची सलग नोकरी पूर्ण करावी लागते. आणि बोनसची हमी नसते. पूर्ण अडीच लाख मिळाले, तरी ते ३० टक्क्यांच्या टप्प्यात येत असल्याने उपकरासह ७८,००० रुपये करात जातात आणि हाती १,७२,००० राहतात.

जुनी करप्रणाली फायद्याची ठरेल का?

या उदाहरणात जुन्या प्रणालीतला कर नव्या प्रणालीइतका खाली आणायचा, तर ५० हजारांच्या प्रमाणित वजावटीशिवाय आणखी सुमारे ८ लाखांच्या वजावटी दाखवाव्या लागतात. ८०सीचे दीड लाख आणि गृहकर्जाच्या व्याजाचे कमाल २ लाख धरले, तरी साडेतीन लाखच होतात. मोठं घरभाडं भरणारे सोडले, तर अनेकांना नवी प्रणालीच स्वस्त पडते. मात्र नव्या प्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जाच्या व्याजावर वजावट नाही.

खरी गफलत इथे होते

समजा, या कर्मचाऱ्याने ८० लाखांचं गृहकर्ज २० वर्षांसाठी ८.५ टक्क्यांनी घेतलं. हप्ता येतो सुमारे ६९,४०० रुपये. सोबत १० लाखांचं कारचं कर्ज ५ वर्षांसाठी ९ टक्क्यांनी. त्याचा हप्ता सुमारे २०,८०० रुपये. दोन्ही मिळून ९०,२०० रुपये.

अडीच लाखांच्या मानाने हे ३६ टक्के दिसतात, म्हणजे आवाक्यातले. पण हातात येणाऱ्या १.६५ लाखांचे ते जवळपास ५५ टक्के आहेत. उरलेल्या सुमारे ७५ हजारांत किराणा, सोसायटीचा मेंटेनन्स, मुलांची फी, विमा, पेट्रोल आणि गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे बसवावे लागतात. म्हणूनच '३० लाख पगार असून महिनाअखेरीस खातं रिकामं कसं?' हा प्रश्न पडतो. त्यात नोकरी गेली, तर बचत नसलेल्या घराला पहिल्याच महिन्यात हप्त्याचा घोर लागतो.

नोकरी स्वीकारण्याआधी काय विचारावं?

ठरावीक पगार किती आणि बोनस किती? पीएफ पूर्ण मूळ वेतनावर कापणार की कमाल मर्यादेवर, म्हणजे महिन्याला १,८०० रुपये? जॉइनिंग बोनस असेल, तर नोकरी लवकर सोडल्यास तो परत करावा लागेल का?

पगारवाढीचाही हिशेब असाच करावा. करपात्र उत्पन्न २४ लाखांच्या वर गेल्यावर वाढलेल्या प्रत्येक १०० रुपयांतले करानंतर ६८ रुपये ८० पैसेच उरतात. ५० लाखांच्या वर अधिभारही लागतो. त्यामुळे घर, गाडी किंवा लग्नाचं बजेट ठरवताना पॅकेजचा आकडा बाजूला ठेवून पगारपत्रकातली शेवटची ओळ पाहिलेली बरी.